कॉम्प्युटर चालता चालता बंद पडतो: फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

"दादा, कॉम्प्युटर मधीच बंद पडायलाय, फॉरमॅट मारून द्या." परभणीत मी १४ वर्षे दुरुस्तीचे काम करतोय. आठवड्याला दोन-तीन जण तरी हेच वाक्य घेऊन येतात. तपासून पाहिले की दोष विंडोजचा क्वचित निघतो. बहुतेक वेळा धूळ, ढिली पिन, मेलेली यूपीएसची बॅटरी नाहीतर भिंतीतल्या सॉकेटमधला कमी-जास्त होणारा व्होल्टेज निघतो. फॉरमॅटने, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकल्याने, यातले काहीच दुरुस्त होत नाही. पैसे जातात, आणि घरातले फोटो, मुलांची प्रमाणपत्रे, बारा वर्षांचे हिशोब पुसले जातात ते वेगळेच. तसे झालेली माणसे माझ्यासमोर बसून रडलेली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी लक्षण ओळखा

"बंद पडतो" हे म्हणायला सोपे आहे, पण त्यात निदान पाच वेगवेगळे आजार आहेत.

कोणीतरी प्लग उपटावा तसा कॉम्प्युटर खटकन विझतो, पडद्यावर काहीही येत नाही, आणि बटण दाबले की लगेच सुरू होऊन तासन् तास चालतो. हा विजेचा आजार. वायर, सॉकेट, यूपीएस, एसएमपीएस (भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागते तशी करून देणारा आतला डबा) यांपैकी कुठेतरी दोष आहे.

बंद पडण्याआधी पंख्याचा आवाज वाढतो. पुन्हा चालू केला तर दोन-चार मिनिटांत परत बंद, पण अर्धा तास थांबलात तर नीट चालतो. हा उष्णतेचा आजार. एप्रिल, मे, जूनमध्ये हाच जास्त दिसतो.

निळा पडदा (नव्या विंडोज ११ मध्ये काळा) येतो, त्यावर इंग्रजीत एक ओळ आणि कोड असतो. दर वेळी तोच कोड येत असेल तर ड्रायव्हरवर, म्हणजे प्रिंटर, ग्राफिक असे भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, संशय घ्या. कोड दर वेळी बदलत असेल तर आधी रॅम, म्हणजे आतली मेमरीची पट्टी, पाहा.

चित्र जागच्या जागी गोठते, माउस हलत नाही, हार्ड डिस्कचा लाल दिवा पेटून तसाच राहतो. हे डिस्कचे किंवा तिच्या केबलचे लक्षण.

आणि पेटीच्या (जिला आपण सीपीयू म्हणतो) पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. अर्थिंग नाही, असा याचा अर्थ. हे लक्षण लोक वर्षानुवर्षे अंगावर काढतात, सांगतही नाहीत. मला ते सगळ्यात आधी ऐकायचे असते.

काहीही करण्याआधी डेटा बाहेर काढा

कॉम्प्युटर अजून अधूनमधून चालतोय ना? मग आज पहिले काम हेच. फोटो, कागदपत्रे, टॅलीचा बॅकअप, जे परत मिळणार नाही ते पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. पुढच्या तपासण्यांमध्ये कॉम्प्युटर बऱ्याच वेळा बंद-चालू होणार आहे. डिस्क आधीच आजारी असेल तर तेवढ्यानेही ती कायमची जाऊ शकते.

आठ दिवस वही ठेवा

खर्च शून्य, आणि माझ्या अनुभवात निम्मे निदान इथेच होते. बंद पडला की तारीख, वेळ, त्या वेळी कॉम्प्युटरवर काय चालू होते आणि घरात काय चालू होते ते लिहा. फ्रिज, कूलर, पाण्याची मोटार, इस्त्री, आणि शेजारची पिठाची गिरणीसुद्धा.

जिंतूर रस्त्याकडच्या एका वसाहतीत एक शिक्षिका राहतात. त्यांचा कॉम्प्युटर चार-पाच दिवस बिनतक्रार चालायचा आणि मग एखाद्या संध्याकाळी तासाभरात तीन वेळा बंद पडायचा. दोन ठिकाणी फॉरमॅट मारून झाले होते, रॅमही बदलली होती. मी त्यांना वही ठेवायला सांगितली. दोन आठवड्यांनी त्या वही घेऊन आल्या तेव्हा उत्तर त्यांनीच शोधलेले होते: "सर, नळाला पाणी येतं त्याच दिवशी हे होतंय." आपल्याकडे नळ रोज येत नाही. आला की सगळ्या गल्लीत एकाच वेळी मोटारी लागतात. मोटार सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट करंट क्षणभर ओढते. अशा पंधरा-वीस मोटारी आणि डीपीपासून लांबचे घर. मी पुढच्या नळाच्या दिवशी मीटर घेऊन गेलो तर सॉकेटमध्ये १६८ व्होल्ट होते, पाहिजेत २३०. त्यांची यूपीएस अशा वेळी बॅटरीवर जायची, आणि बॅटरी मेलेली होती. नवीन बॅटरी बसवली, तक्रार संपली.

विंडोजही स्वतःची एक वही ठेवते. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केले की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री' येते. त्यात दिवसागणिक लाल फुल्या दिसतात, म्हणजे तुमची वही ताडून पाहता येते. विंडोजच्याच इव्हेंट व्ह्यूअर या दुसऱ्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद बहुतेकांना सापडते आणि ती पाहून लोक घाबरतात. कॉम्प्युटर रीतसर शटडाउन न होता बंद झाला, एवढेच ती सांगते. कारण सांगत नाही. पण तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' (निळ्या पडद्याचा कोड) शून्य असेल तर निळा पडदा आलाच नव्हता असे बहुधा समजावे, आणि मग शोध वीज किंवा उष्णतेकडे वळवावा. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर तो वहीत उतरवून घ्या.

निळा पडदा वाचायच्या आत निघून जात असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डच्या खाली 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' समोरची खूण काढा. मग पडदा थांबून राहतो. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

वायर, प्लग, बटण

पेटीच्या मागे लागणारी वायर आणि मॉनिटरची वायर बहुतेक घरांत सारखीच असते. त्यांची अदलाबदल करून पाहा. वायर मागे घट्ट बसते का, की हलवली तर कॉम्प्युटर विझतो? प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील किंवा सॉकेटजवळ जळका वास येत असेल तर ते सॉकेट वापरणे तिथेच थांबवा. ढिल्या सॉकेटमध्ये आत बारीक ठिणग्या पडत राहतात. क्षणभर वीज तुटते, कॉम्प्युटर बंद, आणि घरातला दिवा मात्र मिचकतही नाही, त्यामुळे कोणाला शंका येत नाही.

कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर, मोबाइल चार्जर आणि वर टेबल फॅन असे सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असेल तर दोन दिवस कॉम्प्युटर एकटा भिंतीच्या सॉकेटला लावून पाहा.

समोरचे पॉवर बटण दाबल्यावर पूर्ण वर येते का तेही बघा. धुळीने अडकलेले बटण मधेच आत राहिले तर काही सेकंदांनी कॉम्प्युटर आपोआप बंद होतो. यासाठी लोकांनी मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, बदललेले मी पाहिले आहेत.

यूपीएस आणि इन्व्हर्टर

घरगुती यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षे टिकते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याआधीच बसते, कारण लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते. तपासायला सोपे आहे. सगळ्या फाइल सेव्ह करून बंद करा, नुसता डेस्कटॉप समोर ठेवा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. कॉम्प्युटर पाच मिनिटे तरी चालला पाहिजे. त्याच क्षणी विझला तर बॅटरी गेली. यूपीएस फेकू नका, आतली बॅटरी बदलून मिळते. लेझर प्रिंटर यूपीएसला लावत असाल तर तो काढा. तो गरम होताना एकदम खूप करंट ओढतो आणि लहान यूपीएस त्यात दमते.

आता ज्यांच्याकडे यूपीएस नाही आणि कॉम्प्युटर सरळ घरच्या इन्व्हर्टरवर आहे त्यांच्यासाठी, कारण खेड्यात हेच जास्त असते. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला काही मिलीसेकंद लागतात. तेवढा वेळ कॉम्प्युटर तगतो तो एसएमपीएसमधल्या कपॅसिटरच्या साठ्यावर, आणि पूर्ण लोड असताना हा साठा जेमतेम १६-१७ मिलीसेकंद पुरतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला एक छोटे बटण असते. एका बाजूला यूपीएस मोड, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा ईको. नॉर्मलमध्ये बदल व्हायला २० ते ४० मिलीसेकंद जातात. दिव्या-पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटर मात्र पडतो. यूपीएस मोडमध्ये साधारण १० मिलीसेकंदांत काम होते. लाईट जाताच कॉम्प्युटर बंद पडण्याची तक्रार मी कित्येक घरांत एवढे एक बटण सरकवून मिटवली आहे. त्याची दुसरी बाजूही सांगतो. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज थोडा उतरला तरी इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो, त्यामुळे कायम डीम लाईट असलेल्या गावात बॅटरी लवकर उतरते. अशा ठिकाणी कॉम्प्युटरसाठी वेगळी छोटी यूपीएस घेणे बरे.

व्होल्टेज आणि अर्थिंग

सॉकेटमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर विजेच्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतो. तो एक आठवडा लावून ठेवा आणि सकाळ, दुपार, संध्याकाळचे आकडे वहीत लिहा. यात तुम्हाला कुठेही उघड्या तारेला हात लावायचा नाही.

व्होल्टेज कमी झाला की कॉम्प्युटर कमी वीज घेतो असे अनेकांना वाटते. एसएमपीएसचे तसे नसते. त्याला आतल्या सामानाला ठरलेली वॉट पुरवायचीच असते. २३० च्या जागी १७० व्होल्ट मिळाले तर तो साधारण एकतृतीयांश जास्त करंट ओढतो, त्यामुळे जास्त तापतो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी खोली ४० अंशांवर, व्होल्टेज १७० वर, आणि एसएमपीएस पाच वर्षांचा. अशा वेळी तो हात टेकणारच.

व्होल्टेज उलट वाढत असेल तर मात्र थांबा. एका खोलीतला दिवा मंद आणि दुसऱ्या खोलीतला प्रखर होत असेल, मीटरवर २७०-२८० दिसत असेल, तर बहुधा न्यूट्रल ढिला झालेला आहे. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. हे काम कॉम्प्युटरवाल्याचेही नाही आणि घरच्या हुशार मुलाचेही नाही. न्यूट्रल पूर्ण तुटला तर घरातला टीव्ही, फ्रिज, चार्जर सगळे एका फटक्यात जळते.

अर्थिंगबद्दल थोडे थांबून सांगतो. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधून थोडासा करंट पत्र्यावर येतच असतो. तो अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. टेस्टर लावला की पेटतो आणि हाताला झिणझिण्या येतात. यूएसबीला काही जोडताना कॉम्प्युटर अडकणे, पेनड्राइव्ह जळणे हे प्रकार अशा घरांत मी जास्त पाहतो. आपल्याकडे याचे एक खास कारण आहे. अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून केलेला असतो, पण काळी माती उन्हाळ्यात वाळते, तिला भेगा पडतात आणि ती अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. ओल गेली की खड्डा नावालाच उरतो. मार्च ते जून आठवड्यातून दोनदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. धुण्याचे वापरलेले पाणी चालेल, पाणीटंचाईत पिण्याचे ओतायची गरज नाही. त्यानंतरही झिणझिण्या येत असतील तर परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्या. फेज आणि अर्थमधला व्होल्टेज फेज-न्यूट्रलच्या जवळपास पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको.

पेटी उघडण्याआधी विंडोजकडे एकदा पाहा

निळा पडदा येत नसेल तर हा भाग सोडून पुढे जा.

येत असेल तर पहिला प्रश्न: त्रास सुरू होण्याच्या आठवड्यात काय नवीन टाकले? प्रिंटरचा ड्रायव्हर, ग्राफिकचा ड्रायव्हर, दुसरा अँटिव्हायरस, विंडोज फुकटात चालू करून देणारा ॲक्टिव्हेटर? दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत नाहीत, एक काढा. ॲक्टिव्हेटर तर टाकूच नका. विंडोजच्या मुळाशी हात घालणारी ती अनोळखी माणसाची फाइल असते. नंतर सेफ मोडमध्ये कॉम्प्युटर सुरू करून नेहमी बंद पडतो त्याच्या दुप्पट वेळ चालू ठेवा. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी जुजबी ड्रायव्हर घेऊन चालते. तिथे नीट चालला तर दोष बहुधा ड्रायव्हरचा. तिथेही पडला तर हार्डवेअरकडे चला.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून कॉम्प्युटर बंद पडतो असे सध्या बरेच जण सांगतात. तसे नाही. अपडेट बंद झाल्याने सुरक्षेचा धोका वाढतो, पण कॉम्प्युटर त्यामुळे खटकन विझत नाही.

धूळ आणि ऊन

पंखा काही थंडी तयार करत नाही. तो प्रोसेसरची उष्णता खोलीच्या हवेत सोडतो, इतकेच. समजा जोराचे काम चालू असताना प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त तापतो. डिसेंबरात खोली २५ ला असते, प्रोसेसर ७५ वर. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४२ असतात, म्हणजे तोच प्रोसेसर ९२ वर. वर थोडी धूळ असेल तर १०० गाठायला कितीसा वेळ? साधारण ९५ ते १०० ला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो. म्हणून "हिवाळ्यात काहीच नव्हतं दादा" हे वाक्य ऐकले की मी आधी पेचकस हातात घेतो. एचडब्ल्यूमॉनिटरसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये तापमान दिसते. काही काम चालू नसताना ६५-७० च्या वर दिसत असेल तर साफसफाई लागलीच करा.

पेटी उघडताना आधी प्लग काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. आत हात घालण्यापूर्वी पत्र्याच्या रंग नसलेल्या भागाला स्पर्श करा. बाजूचा पत्रा दोन स्क्रूंवर असतो. आपण ज्या पेटीला सीपीयू म्हणतो ती कॅबिनेट. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर, तो आत त्या गोल पंख्याच्या खाली असतो. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग जाते. ओले फडके नको. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही आत घालू नका, त्याच्या नळीने स्थिर वीज तयार होते.

वरून दिसणारी धूळ तितकी घातक नसते. घातक असते ती पंखा आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये दडलेली. मानवतजवळच्या एका गावात भाव वाढायची वाट पाहत एका शेतकरी कुटुंबाने कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवला होता. त्याच खोलीत मुलगा कॉम्प्युटरवर स्पर्धा परीक्षेची तयारी करायचा. ऑनलाइन सराव परीक्षा ऐन मध्यावर आली की कॉम्प्युटर बंद. वरून पेटी स्वच्छ होती, त्याने स्वतः पुसलेली. पंख्याचे चार स्क्रू काढल्यावर खाली कापसाच्या तंतूंचा थर निघाला, गोधडीच्या तुकड्यासारखा सलग. एका बाजूने चिमटीत धरून उचलला तर अख्खा हातात आला. तापमान ९६ वरून ६४ वर उतरले. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

कापूस, सोयाबीनच्या मळणीचा भुसा, माळवदातून झडणारी माती, असे काही घरात असेल तर वर्षातून दोनदा आतली सफाई लागतेच. एकदा दिवाळीनंतर, एकदा मार्चअखेर.

प्रोसेसरचा पंखा चार प्लास्टिकच्या पिनांवर दाबून बसवलेला असेल तर चारही पिना पक्क्या आहेत का ते पाहा. एक जरी सुटली तरी पंखा एका कोपऱ्यातून उचलला जातो, प्रोसेसरला नीट टेकत नाही आणि मिनिटभरात कॉम्प्युटर बंद पडतो. हीटसिंक (पंख्याखालचा ॲल्युमिनियमचा ठोकळा) उचललाच तर खालची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवीन लावावी लागते, वाटाण्याएवढी. पेस्ट हाताशी नसेल तर तो उचलूच नका.

कूलरच्या झोतासमोर पेटी ठेवू नका. ओलसर हवा आणि धूळ मिळून आत चिखलाचा थर बसतो, तो ब्रशने निघत नाही. बाजूचा पत्रा कायमचा काढून समोर टेबल फॅन लावणे हा उपाय बरेच जण करतात. आठ दिवस आराम मिळतो, पण धूळ दुप्पट जाते, आणि पाल किंवा उंदीर आत शिरला तर मदरबोर्डच जातो. पेटी कोनाड्यात किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर बाहेर काढा. मागे वीतभर जागा सोडा. पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका.

रॅम

रॅम दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून काढा, सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासा, भुगा फुंकू नका तर ब्रशने झटका, आणि टक असा आवाज येईपर्यंत परत बसवा. दमट पावसाळ्यानंतर या पट्टीवर थर येतो आणि संपर्क तुटक होतो. दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून दोन दिवस चालवा, खराब कोणती ते कळते. स्टार्टमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' शोधून विंडोजची तपासणी लावा, ती फुकट आहे. मेमटेस्ट८६ जास्त कडक आहे, ती रात्रभर चालू द्या. एक जरी चूक दाखवली तरी ती रॅम बदला. "एकच तर एरर आहे" म्हणून ठेवलेली रॅम फाइल गुपचूप खराब करत राहते आणि तुम्हाला सहा महिन्यांनी कळते.

हार्ड डिस्क

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम डिस्कची प्रकृती एका रंगात सांगतो. निळा म्हणजे ठीक. पिवळा असेल तर डेटा आजच बाहेर काढा. 'रीअलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागांचे, आकडे आठवड्याला वाढत असतील तर डिस्क जाणार हे ठरलेले. कधी कधी डिस्क चांगली असते आणि तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल ढिली किंवा खराब असते, म्हणून आधी ती बदला.

एक चूक मात्र करू नका. डिस्कवर संशय असताना डेटा न काढता 'चेक डिस्क' लावू नका. ती तपासणी अख्खी डिस्क घासून काढते आणि मरणपंथाला लागलेली डिस्क त्यातच संपते. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर कॉम्प्युटर लगेच बंद करा आणि परत चालू करू नका. आत महत्त्वाचे काही असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच न्या. ती डिस्क उघडणे किंवा फ्रिजमध्ये ठेवणे असले प्रयोग केले की उरलीसुरली आशाही जाते.

एसएमपीएस आणि मदरबोर्ड: इथे थांबा

इथपर्यंत सगळे तपासून झाले आणि तरीही कॉम्प्युटर खटकन विझतोय, तर एसएमपीएस. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणारा सेटिंगचा पडदा) 'हार्डवेअर मॉनिटर' असेल तर १२ व्होल्टची ओळ बघा. ती ११.४ ते १२.६ च्या मध्ये हवी. हा आकडा बरोबर दिसला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण बायोसमध्ये लोड कमी असतो. चुकीचा दिसला तर मात्र संशय पक्का. खात्रीची तपासणी एकच, दुसरा चांगला एसएमपीएस लावून चार दिवस चालवणे. कॅबिनेटसोबत येणाऱ्या हलक्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेले असते, पण ते मनावर घेऊ नका. नवीन घेताना नामांकित, वॉरंटीचा घ्या. या एका वस्तूत वाचवलेले पैसे मदरबोर्डच्या रूपाने बाहेर पडतात.

एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंतचा डीसी साठा राहू शकतो. आत पंखा साफ करायला गेलेल्या, सोल्डरिंग येणाऱ्या माणसालाही हा झटका बसलेला मी पाहिला आहे. हे काम दुरुस्तीवाल्याचे.

मदरबोर्डवरचे नळकांड्यासारखे छोटे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा गळलेले दिसले, तरीही थांबा. दर वेळी घड्याळ चुकत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, तेवढा तुम्ही बदलू शकता.

जळका वास, धूर, पत्र्याला जोराचा झटका, सॉकेटचे प्लास्टिक वितळणे, डिस्कची टकटक, व्होल्टेज २७० च्या वर, किंवा पावसाचे पाणी आत गेलेले: यातले काहीही असेल तर वरचे काहीच तपासत बसू नका. प्लग काढा आणि माणूस बोलवा. विजेचे असेल तर वायरमन, पेटीतले असेल तर कॉम्प्युटर दुरुस्तीवाला.

दुकानात येताना वही, निळ्या पडद्याचे फोटो, पॉवरची वायर आणि यूपीएसही घेऊन या. अर्ध्या वेळा पेटी दुकानात तास-तास नीट चालते आणि दोष घरी राहिलेल्या यूपीएसमध्ये असतो. तुम्हाला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारायचे नाही हे पावतीवर लिहून घ्या, आणि बदललेला जुना भाग परत मागा. खेड्यातून दुचाकीवर आणत असाल तर पेटी आडवी धरा, मदरबोर्डची बाजू खाली, आणि मांडीवर उशी घ्या. पंखा जड असतो, खड्ड्यांच्या रस्त्यावर पेटी उभी धरली तर त्या चार पिनांतली एखादी येता येताच सुटते.